सूर्यभान शिंप्याचे दोन डबे

बोरखेडात माणसाला सुखाने पायी चालता येत नाही. रस्त्याने कोणी एकटं निघालेलं दिसलं की गावाच्या पोटात कालवाकालव सुरू होते. गाडीवाला बैल थांबवतो, सायकलवाला खाली उतरून सोबत चालू लागतो, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो निदान "कुठं निगाला? च्या घेऊन जा," एवढं म्हणतोच. सोनईच्या बाजाराहून उन्हातान्हात परत येताना ही माया फार बरी वाटते. पण ज्याला मुद्दाम चालायचंय, घाम काढायचाय, त्याने या गावात जन्म घेऊ नये. सूर्यभान शिंप्याने घेतला होता.

त्याचं दुकान वेशीला लागून, एका खणाचं. आत पायमशीन, वर दोरीवर लटकवलेल्या कोपऱ्या, बंड्या आणि कोणाच्या तरी लग्नाच्या चोळ्या. सूर्यभान सकाळी त्या मशीनवर बसला की दिवेलागणीला उठायचा. वय पन्नाशीला टेकलेलं. पाय हलायचे ते पायट्यावर, हात हलायचे ते कापडावर, बाकी सगळा देह जागच्या जागी. त्यामुळे गावाच्या विजारी मापात शिवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या विजारीला मात्र दर दिवाळीला नवी पट्टी जोडावी लागत होती.

ते पोट त्याने आनंदाने वागवलं असतं. लोकही चेष्टा करण्यापलीकडे काही म्हणत नव्हते. अडचण होती ती कावडीची.

बोरखेडच्या महादेवाला चैत्रातल्या जत्रेत गोदावरीच्या पाण्याची अंघोळ असते. प्रवरासंगमाहून तांब्याच्या दोन घागरी कावडीला बांधून पायी आणायच्या. वाटेत खांदा बदलायला चार माणसं असतात, पण गावाच्या शिवेवर म्हसोबाचा दगड आहे, तिथून देवळापर्यंत कावड एकाच खांद्यावर यायला हवी. ती भुईला टेकायची नाही, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर जायची नाही. गेली, तर मान त्या दुसऱ्याच्या घरात गेला. हा मान शिंप्याच्या घराचा. सूर्यभानच्या बापाने तो म्हातारपणापर्यंत चालवला आणि मग सूर्यभानने.

आता यात एवढं काय आहे, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने वर्षभर शिंपी होऊन बघावं. "उद्या पायजे," म्हणत अंगावर कापड फेकलं जातं, गुंडी तुटली की शिंपी वाईट, पोट सुटलं म्हणून सदरा तंग झाला तरी शिंपीच वाईट. पण त्या एका दिवशी हाच शिंपी वेशीतून आत आला की हलगी कडाडते, घराघरातल्या बायका उंबऱ्यात येऊन त्याच्या पायावर पाणी घालतात, आणि ज्यांनी कापड फेकलेलं असतं तेच पायाला हात लावतात. सूर्यभान वर्षभर जगायचा तो त्या दिवसाच्या जोरावर. ही गोष्ट त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती, पण खरी होती.

आणि गेल्या साली त्याच दिवशी त्याची फजिती झाली. म्हसोबापासून गावापर्यंत खडकाळ चढ आहे. निम्म्या चढावर सूर्यभानचे गुडघे लटलट कापू लागले, छातीचा भाता झाला, घागरीतलं पाणी हिंदकळून सांडलं. मागे चाललेल्या चुलतभावाने, गहिनीनाथने, दोन्ही हातांनी कमरेला आधार देऊन त्याला कसंबसं देवळापर्यंत नेलं. गहिनीनाथ तरणा गडी, शेतात राबणारा. संध्याकाळी पारावर बोलणं निघालंच. मान गहिनीनाथच्या घरी द्यावा असं चारजण म्हणाले. तेव्हा आप्पासाहेब पाटील मधे पडले. गावात त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

"एक साल द्या त्याला," ते म्हणाले. "त्याच्या बापाची कावड मी बघितली हाय. पुढच्या जत्रेला न्हाई जमलं तर मग बघू."

सूर्यभानने त्या रात्री अन्न गिळलं नाही. पुढे दिवाळीच्या तोंडावर गुडघ्यांच्या दुखण्याच्या निमित्ताने तो नगरला एका डॉक्टरांकडे गेला. त्यांनी छाती तपासली, गुडघे दाबले आणि म्हणाले, "आजार काही नाही. बसून बसून शरीर विसरलंय. रोज चाला, उठाबशा काढा, थोडं थोडं वाढवत ओझं उचला, आणि उजेडात, वाऱ्यात राहा." औषधसुद्धा दिलं नाही. सूर्यभान खुशीत परतला. एवढंच ना! बोरखेडात उजेड, वारा आणि दगडधोंडे यांना काय तोटा?

पण तोटा माणसांनाही नव्हता.

दिवाळी सरल्यावर पहिल्याच सकाळी तो माळाच्या वाटेने निघाला. ओढ्यापर्यंत गेला नसेल तोच मागून घुंगरं वाजली. आसाराम शेताकडे निघाला होता. त्याने बैल थांबवले.

"सूर्यभानभाऊ, बसा."

"नगं. चालतो मी."

"का? माझ्या गाडीला काय काटे हायेत?"

"तसं न्हाई रं, जरा पाय मोकळे करतो."

"पाय मोकळे करायला तुमी काय बाळंतीण हाय का? बसा म्हंतो ना!" आसारामचा चेहरा उतरला. "माझ्या पोरीच्या लग्नात रात रात जागून तुमी चोळ्या शिवल्या. आन आज माझ्या गाडीत बसायची लाज वाटाय लागली व्हय?"

आता काय करणार? सूर्यभान गाडीत बसला. आसारामने त्याला शेतात नेलं, भुईमुगाच्या शेंगा खाऊ घातल्या, आणि परत गाडीतून दुकानापाशी आणून सोडला. व्यायाम झाला तो बैलांचा.

खरं कारण सांगून टाकलं असतं तर सगळं मिटलं असतं, असं वाटेल. पण ते सांगायचीच चोरी होती. कावडीचा सराव करतो म्हटलं की शिंप्याला आता कावड पेलत नाही, हे स्वतःच्याच तोंडाने कबूल केल्यासारखं झालं. शिवाय देवाच्या कावडीचा सराव ही भानगडच बोरखेडाने कधी ऐकली नव्हती. देव उचलून घेतो, असं सगळे मानत. त्याचा सराव करायचा म्हणजे देवावर विश्वास नाही की काय? तेव्हा सूर्यभान गप्प राहिला आणि दुसऱ्या दिवशी आणखी लवकर उठला.

वाढवत वाढवत ओझं उचला, असं डॉक्टर म्हणाले होते. सूर्यभानने घरातले डालडाचे दोन रिकामे डबे काढले, त्यांना तारेच्या कड्या केल्या, वाळू भरली आणि वेळूच्या दोन टोकांना बांधले. झाली कावड. ती खांद्यावर टाकून तो पहाटे फटफटताना माळाकडे निघाला.

आता सकाळच्या वेळी डालडाचा डबा घेऊन माळाकडे जाणारा माणूस कशासाठी जातो, हे बोरखेडात शेंबड्या पोरालाही ठाऊक. एक डबा असता तर कोणी मान वर करून पाहिलं नसतं. पण दोन! तेही खांद्यावरून, वेळूला बांधून, आणि भरून! दुपारपर्यंत गावभर झालं की सूर्यभान शिंप्याला हगवण लागलीय, आणि साधीसुधी नाही, एक डबा पुरत नाही.

मग सुरू झाली माणुसकी. कोणी बेलाचा मुरंबा आणला, कोणी ओवा आणला. आसारामची बायको साबुदाण्याची पेज घेऊन आली आणि ती पोटात जाईपर्यंत समोर बसून राहिली. गहिनीनाथ धावत आला. "दादा, इतका त्रास हुता तर बोलायचं न्हाई का? मी नगरला नेतो." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सूर्यभानला वाटलं, मशीनवर डोकं आपटून घ्यावं. हगवण नाही म्हणावं तर डबे कशाला ते सांगावं लागतं. तो मुकाट्याने पेज प्यायला.

साळूबाई, त्याची बायको, तेवढी संतापली. "अवो, माज्याच नशिबी हे का? पान्यावर बाया इचारत्यात, काय खायला घालती नवऱ्याला म्हनून!"

"साळू, त्यात वाळू हाय."

"पोटात?"

"डब्यात!" सूर्यभान ओरडला. मग आवाज खाली आणून त्याने तिला सगळं सांगितलं. साळूबाई म्हणाली, "मंग आडातलं पानी भरा की. तेवढंच घरात काम तरी होईल." बोलणं रास्त होतं. दुसऱ्या दिवशी त्याने दोन घागरी कावडीला लावल्या आणि आडावर गेला. तिथल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पाचव्या पावलावर एकीने, दहाव्यावर दुसरीने घागर काढून घेतली. "असू द्या भावजी, तुमी कशाला?" सूर्यभान रिकामा वेळू घेऊन घरी आला आणि दोन घागरी त्याच्या आधी पोचल्या. वर साळूबाईच्या आळशीपणाची चर्चा आठवडाभर चालली ती वेगळीच. तिने पुन्हा असलं काही सुचवलं नाही.

परसात उठाबशा काढून पाहिल्या. शेजारच्या भिंतीवरून कोणीतरी पाहिलं, आणि बायको शिंप्याला उठाबशा काढायला लावते असं ठरून गेलं.

सूर्यभान चिडायचा. मशीन चालवता चालवता दात खायचा. माणूस मेल्यावर चौघं उचलून नेतात ते ठीक, पण या गावात जिवंतपणीही स्वतःच्या पायांनी चालायची सोय नाही, असं पुटपुटायचा. पण चिडून काय होणार? समोरून हात पुढे येतो तो मायेने येतो. त्याला झिडकारायचं कसं, हे सूर्यभानला कोणी शिकवलं नव्हतं, आणि बोरखेडात ते कोणाला येतही नव्हतं.

शेवटी त्याने गावाची झोप आणि आपली पावलं यांचा मेळ घातला. तांबडं फुटायच्या आत निघायचं, आडवाटेने म्हसोबा गाठून तिथून चढ चढायचा. सूर्यभान सापडला तर आसाराम त्याला पलीकडच्या नाल्यापाशी गाठायचा आणि गाडीत कोंबायचाच. सुटला तर सुटला. जेव्हा सुटायचा तेव्हा मात्र सूर्यभानला जग वेगळंच दिसायचं. थंडीत गवतावर दव असायचं, चंडोल उभाच्या उभा वर जाऊन गात राहायचा, खाली ज्वारीची रानं पिवळी पडत चाललेली. पहिल्या महिन्यात म्हसोबाच्या चढावर तो चार ठिकाणी टेकला. डबे रिकामे करून पुन्हा भरले, वाळू अर्धी केली, हळूहळू वाढवली. संक्रांतीनंतर मधे एकदाच थांबायचा. शिमग्याच्या सुमाराला तो एका दमात वर गेला, आणि वर गेल्यावर इकडेतिकडे बघून, कोणी नाही असं पाहून, मोठ्याने हसला. सुईत दोरा ओवताना पूर्वी मान धरायची, ती धरेनाशी झाली. विजारीची जोडलेली पट्टी त्याने स्वतःच उसवून काढली. साळूबाईने ती पट्टी उचलून ठेवली, चुलीजवळची भांडी धरायला.

चैत्रातली जत्रा आली. प्रवरासंगमाहून कावड निघाली. नवा वेळू, त्यावर भगवी निशाणं, तांब्याच्या घासलेल्या घागरी. वाटेने खांदेकरी बदलत राहिले आणि ऊन कलताना मंडळी शिवेवर आली. हलगी वाजत होती, सगळा गाव चढावर दुतर्फा उभा होता. म्हसोबापाशी गहिनीनाथने कावड सूर्यभानच्या खांद्यावर दिली.

"दादा, मी मागंच हाय," तो म्हणाला.

सूर्यभानने पाऊल टाकलं. वजन अंगावर आलं आणि त्याला ते ओळखीचं वाटलं. गुडघे कापले नाहीत. चढाचा एकेक खडक त्याच्या पायांना पाठ होता. कुठे पाय द्यायचा, कुठे नाही, कुठे श्वास सोडायचा. घाम मात्र धारांनी वाहू लागला, कारण चैत्राचं ऊन होतं आणि घाम यायलाच हवा होता. निम्मा चढ गेला. गेल्या साली इथेच पाणी सांडलं होतं. आज थेंब हलला नाही. त्याच्या मनात आलं, जमलं. बाप बघत असेल तर बघ म्हणावं.

आणि तिथेच आप्पासाहेब पाटील पुढे झाले.

त्यांना नियम माहीत नव्हता असं थोडंच? गावाला नियम सांगणारे तेच. गेल्या साली सूर्यभानसाठी शब्द टाकणारे तेच. पण घामाने निथळणारा माणूस आणि त्याच्या खांद्यावरचं ओझं समोर दिसलं, आणि बोरखेडचा हात आपसूक पुढे आला. "अरं अरं, घाम बघ किती! दमला रं, दे, दे इकडं!" म्हणत त्यांनी वेळूला हात घातला. पाटलांनी हात घातला म्हटल्यावर गहिनीनाथनेही मागून खांदा पुढे केला. "द्या दादा, द्या." आसाराम, आणखी कोण कोण, सगळे मायेने धावले. कावड सूर्यभानच्या खांद्यावरून उचलली जाऊ लागली.

त्या क्षणी सूर्यभानच्या आत थंडीभर साठलेलं सगळं एकदम वर आलं. ती गाडी, ती पेज, तो बेलाचा मुरंबा, ते हिसकावून घेतलेलं पाणी.

"सोडा!" तो किंचाळला. "हात लावू नका! लांब व्हा सगळे! मला चालू द्या की रं, मला चालू द्या!"

आणि त्याने कोपर झटकलं. ते आप्पासाहेबांच्या कानशिलाजवळ लागलं. त्यांचा पांढरा फेटा सुटला आणि खडकावरून घरंगळत धुळीत जाऊन पडला.

हलगी थांबली. पाटील उघड्या डोक्याने उभे राहिले. त्यांच्या डोक्यावरचे विरळ पांढरे केस गावाने पहिल्यांदाच पाहिले. सूर्यभानला फेटा दिसत होता, अगदी पायाशी. वाकून उचलावा, झटकावा, पाय धरावेत. पण वाकला तर घागर भुईला टेकते. थांबला तर कावड कोणाच्या तरी खांद्यावर जाते. त्याने फेट्याच्या बाजूने पाऊल टाकलं आणि चढत राहिला. डोळ्यांत घाम होता की आणखी काही, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

वेशीतून आत गेल्यावर हलगी पुन्हा वाजली, पण उसनी वाजल्यासारखी. बायकांनी पायावर पाणी घातलं. रीत म्हणून घातलं, आणि पटकन आत वळल्या. घागरी महादेवावर रित्या झाल्या. मान शिंप्याच्या घरात राहिला. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं.

संध्याकाळी तो आप्पासाहेबांच्या ओसरीवर गेला. ते टोपी घालून बसले होते. सूर्यभानने पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ," ते म्हणाले. "तुजंच बराबर हुतं. चुकलं ते माजं." आणि ते रस्त्याकडे बघत राहिले. सूर्यभान उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. आतून चहा आला नाही. पाटलांच्या ओसरीवरून चहा न घेता परतलेला माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता.

त्यानंतर दुकानात लोक येत, माप देत, उद्या पाहिजे म्हणत, आणि जात. गहिनीनाथ तेवढा बोलायचा, पण "दादा"च्या पुढे त्याचा शब्द अडायचा.

"आता कुनी आडवत न्हाई," एका सकाळी साळूबाई म्हणाली. "जावा, चाला किती चालायचं ते."

जत्रा झाली होती, सरावाची गरज नव्हती. पण पाय ऐकेनात. अंगाला ती वेळ, तो वारा हवा होता. सूर्यभानने डबे खांद्याला लावले आणि यावेळी आडवाट न धरता सरळ गाडीरस्त्याने निघाला. ओढा जवळ आला आणि मागून घुंगरं वाजली. त्याचं बोलणं जिभेवर तयारच होतं: नगं आसाराम, चालतो मी. तो थोडा बाजूला झाला आणि चालही थोडी हळू केली.

गाडी शेजारून गेली. बैल थांबले नाहीत. आसारामने मान वळवली नाही.

सूर्यभान बघत राहिला. मग कावड सावरली आणि तो धावू लागला. "आसाराम! ए आसाराम, थांब की!" डबे दोन्ही बाजूंना हेलकावत होते, वाळू सांडत होती. ओढ्यात बैल पाण्याला थांबले तेव्हा त्याने गाडी गाठली.

"बसू का रं गाडीत?"

आसारामने कासरा सैल केला. "तुमाला चालायचं असतंय ना, भाऊ," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. बैलांचं पाणी पिऊन झालं, गाडी ओढ्याच्या पलीकडे चढली आणि बाभळींच्या आड गेली.

सूर्यभान पाण्यात उभा होता. एवढा पळत आला, तेही डबे घेऊन, पण त्याला धाप लागलेली नव्हती. हे कोणाला तरी सांगावं म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं.